राणीला मध नको

दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी लिफ्टच्या डोक्यावर बसून दोराला ग्रीस लावत होतो. हिचं, माझ्या बायकोचं, ऑपरेशन साधं होतं. डॉक्टर आधी म्हणाले, लगेच या. मग म्हणाले, सावकाश या, गाडी जपून चालवा. त्या सावकाशवरूनच मला कळलं. मी ग्रीसचा डबा बंद केला, लिफ्ट चालू करून दिली आणि निघालो.

सगळं आटोपल्यावर तिचं कपाट उघडलं. शालींच्या खाली काचेची नळी होती. त्या नळीचा मला पार विसर पडला होता.

ही रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात लॅबच्या पायरीवर तिला राणी मुंगी सापडली, नुकतेच पंख गळलेली. हिने नळीत पाणी भरलं, त्यावर कापूस दाबून बसवला, राणीला आत सोडलं आणि तोंडाशी दुसरा कापूस लावला.

"खायला काय देणार?" मी विचारलं होतं.

"काही नाही. उडायचं बळ अजून अंगात आहे, त्याच्यावर ती पहिली पोरं वाढवते. तिला अंधार हवा आणि धक्का नको. आणि तुम्ही सारखे डोकावू नका. घाबरली तर स्वतःचीच अंडी खाईल."

"मग बघायचं कधी?"

"मुंग्या निघाल्या की. पण मला आधी हाक मारा."

हिने धरलेली राणी मी मरू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं. जमेल याची खात्री होती. लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांना मी बाहेरून हेच सांगत आलोय, शांत बसा, दार ओढू नका. मी नळी परत शालींखाली ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

मेहुणी राहायला आली होती. मनाने फार चांगली, पण कुणी जेवणावरून लवकर उठलं की तिचा जीव खालीवर होतो. एका सकाळी ती कपाट आवरायला निघाली. मी आडवा आलो.

"भाऊजी, कपडे ठेवून ताई परत येणार आहे का?"

"कपड्यांचं नाही गं. आत राणी आहे."

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मला नळी काढून दाखवावीच लागली. कापसाजवळ राणी उभी होती, पायाशी अंड्यांचा बारीक पांढरा पुंजका.

"अगं बाई! आणि उपाशी ठेवलीय हिला?"

"तिला लागत नाही."

"तुम्हीपण हेच म्हणता. पँट बघा, पट्ट्याला नवं भोक पाडायची वेळ आलीय."

संध्याकाळी कामावरून आलो तर दारापासून कपाटापर्यंत घरातल्या काळ्या मुंग्यांची रांग लागलेली.

"एक थेंबच मध दिला हो," मेहुणी म्हणाली. "कापूस जरासा सरकवून. पोटुशीला उपाशी कसं ठेवायचं?"

रागवायला सवड नव्हती. मुंग्या तोंडाशी कापूस उकरत होत्या. चार जरी आत शिरल्या असत्या तरी त्यांनी राणीला फाडलं असतं. मी नळी हळूच उचलली, ओल्या फडक्याने बाहेरून पुसली, चिमट्याने एकेक मुंगी काढली. काडीला कापूस गुंडाळून आतला मध टिपला. मेहुणी टॉर्च धरून रडत होती.

"रडू नकोस, उजेड हलतोय."

"ताईने मला सोलून काढलं असतं."

"आधी मला."

राणी पाण्याच्या टोकाशी जाऊन उभी राहिली होती. अंड्यांचा पुंजका तिच्या तोंडात होता. तिने तो खाल्ला नव्हता. मी ताटलीत पाणी घातलं, मध्ये कप उपडा घातला, कपावर नळी ठेवली आणि वरून डबा झाकला.

पुढे अळ्या झाल्या, कोष झाले, आणि एका सकाळी राणीच्या पायात तिळापेक्षा बारीक, फिकट मुंगी लुडबुडताना दिसली. मी हिला हाक मारायला तोंड उघडलं. मग मेहुणीला हाक मारली.

ती धावत आली.

"आता मध दे," मी म्हणालो. "सुईच्या टोकाएवढा. ही खाईल आणि आईला भरवेल."

"एवढासा? याने काय होणार तिचं?"

"एवढासाच."

मध सांडला होता त्या बाजूला नळीत आता बुरशी धरलीय. म्हणून मी नवी नळी तयार करून जुनीच्या तोंडाला तोंड लावून चिकटवली, नवीवर काळं कापड घातलं आणि जुनी उजेडात ठेवली. मुंग्या पलीकडे जाऊन येतात.

"टिचकी मारून ढकला की तिकडे," मेहुणी रोज म्हणते.

"नाही. तिची ती जाईल."

ती जाणार, याबद्दल मला शंका नाही. पण आज सकाळपर्यंत राणी जुन्याच नळीत आहे.