सेंट्रिंगचे खिळे

"हे खिळे असे का सोडलेत?" किनुएने आतून विचारलं.

शोइची निहेई ट्रेलरच्या चाकाशी बसून ग्रीस पुसत होता. त्याला वाटलं, तिला काहीतरी हवं आहे. "पाणी का?" तो म्हणाला.

"पाणी नको. इकडे या आणि हात लावून बघा."

तो आत डोकावला. त्याची बायको पोटाशी गरम पाण्याची पिशवी धरून फळीवर आडवी झाली होती आणि वाळलेला हात भिंतीवरून फिरवत होती. प्लायवूड नवं होतं, पॉलिश अजून ओलसर होतं, आणि जिथे जिथे खिळा होता तिथे त्याचं डोकं बोटाच्या पेराएवढं वर राहिलं होतं. एखाददुसरं नव्हे, सगळ्या भिंतीभर. शोइचीने जीभ चावली.

उभा जन्म त्याने सेंट्रिंगचं काम केलं होतं. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडाची पेटी उभी करायची, आणि काँक्रीट धरलं की ती उपटून पुढच्या कामावर न्यायची. खिळा पूर्ण ठोकायचाच नसतो, म्हणजे उद्या हातोडीच्या चिमट्यात सहज सापडतो. शाळांचे जिने, धरणाची भिंत, किनाऱ्यावरच्या वीज केंद्राच्या त्या जाडजूड भिंती, या सगळ्यांच्या आधी तिथे शोइचीची लाकडं उभी होती. भिंती राहिल्या, लाकडं गेली. आता पहिल्यांदाच त्याने टिकायची वस्तू करायला घेतली होती आणि हातांनी मात्र जुनाच पाढा गिरवला होता.

"म्हणजे हेपण काम झालं की मोडायचं?" किनुए हसली. हसताना पोटात कळ आली तशी ती थांबली, आणि कळ गेल्यावर पुन्हा हसली. "तुमच्या हातचं आजवर काही टिकलं नाही. म्हटलं, मरताना एक तरी बघावं."

"मरतेस कसली," शोइची म्हणाला. असं काही बोलताना तो नेहमी दुसरीकडे बघत असे, तसाच आताही तो चाकाकडे बघत होता.

ती मरणार होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. थंडीतच डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं सांगितलं होतं आणि चेरीचा बहर बघायला मिळेल असं म्हटलं होतं. त्यापुढचं ते काही बोलले नव्हते. सायतामाला राहणारी मुलगी फोनवर रडली. तुला काय हवं ते सांग, मी आणते, असं म्हणाली. किनुएने काही मागितलं नाही. फोन ठेवल्यावर नवऱ्याला मात्र तिने सांगितलं, की तिला एक रात्र घरी झोपायचं आहे.

घर होतं. पडलं नव्हतं, जळलं नव्हतं, त्सुनामीची लाटही तिथवर चढली नव्हती. पण किनाऱ्यावरचं ते अणुवीज केंद्र फुटल्यापासून तानेगासावाच्या त्या वाडीत दिवसा जाता येई आणि रात्री राहता येत नसे. महिन्यातून एकदा दोघं पांढरे संरक्षक कपडे चढवून, छातीला किरण मोजायचं यंत्र अडकवून जात. किनुए स्वयंपाकघरातली रानडुकरांची घाण काढी, तो अंगणातलं गवत कापी, आणि दुपार कलली की डोंगराडोंगरातून भोंगा बोले, की आत असलेल्या सर्वांनी बाहेर पडावं. असं चौथं वर्ष चाललं होतं. शोइची एका रात्रीची परवानगी मागायला नगरपालिकेच्या तात्पुरत्या कचेरीत गेला, तेव्हा तिथला कारकून माफी मागत कमरेत इतका खाली वाकला, की शोइचीला उत्तर ऐकायची गरजच उरली नाही.

ट्रेलरची कल्पना त्याला परत येताना सुचली. वाडीच्या अलीकडे पूल होता, पुलावर फाटक होतं, आणि फाटकाच्या बाहेर रस्त्याकडेला मोकळी जागा होती. तिथून भातखाचरांच्या पायऱ्यांवर त्यांच्या घराचं निळं कौलारू छप्पर नीट दिसायचं. फाटकाबाहेर रात्रभर उभं राहायला कोणाची बंदी नव्हती. पण किनुएला तासाभरापेक्षा जास्त बसवत नव्हतं आणि त्याच्या छोट्या ट्रकमध्ये आडवं व्हायला जागा नव्हती. ट्रकमागे जोडता येईल अशी एक लाकडी खोली हवी. तिच्या उशीच्या उंचीला खिडकी हवी. घरात नाही तर निदान घराकडे बघत झोपेल, असा त्याचा हिशेब होता.

खाली चाकांचा सांगाडा मिळाला नेमोतोकडून. हा कोळी घर सोडावं लागलेल्यांच्या तात्पुरत्या वस्तीत, त्यांच्याच रांगेत, तीन दारं सोडून राहायचा. त्याची होडी लाटेने नेली होती आणि होडी वाहायचा गाडा मात्र उतारावर जसाच्या तसा उभा राहिला होता. "घेऊन जा बाबा," नेमोतो म्हणाला. "मला तो बघवत नाही." बदल्यात त्याने साकेची एक बाटली घेतली आणि तीही शोइचीबरोबरच बसून संपवली.

तात्पुरत्या वस्तीच्या पत्र्याच्या खोल्यांमागे गाड्या लावायची जागा होती, तिच्या कोपऱ्यात काम सुरू झालं. भिंती इतक्या पातळ, की शेजारचा शिंकला तर आपण रुमाल शोधावा. तिथे हातोडी चालवायची म्हणजे सगळ्यांच्या कपाळावर चालवण्यासारखंच होतं. पण कोणी तक्रार केली नाही. लोक खुर्च्या घेऊन बघायला येऊ लागले. चार वर्षांत त्या वस्तीत कोणी काही नवीन केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. ट्रेलरच्या छपराला पुढून गोलसर बाक आला त्या दिवशी सुगेनो आजी त्याभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "निहेई-सान, शवपेटी जरा मोठीच झाली हो." सगळे गप्प झाले. किनुए दारात उशीला टेकून बसली होती. "मोठी कशी होईल आजी," ती म्हणाली, "दोघांची आहे." मग तीच आधी हसली आणि सगळे सुटले.

किनुएच्या हाताला खिळे लागले त्या संध्याकाळी मात्र त्यांच्यावरून वाद झाला. चेरी फुलून गळूनही गेल्या होत्या. डॉक्टरांच्या शब्दापेक्षा किनुए पुढे आली होती आणि ते तिला ठाऊक होतं.

"परवा जाऊ या," ती म्हणाली. "राहू देत खिळे."

"रस्ता खराब आहे. हादऱ्याने एकेक निघून येईल. पाणी आत शिरेल."

"एका रात्रीला काय होतंय?"

"तू आत असताना भिंत उघडली तर? सगळे उपटतो आणि स्क्रू मारतो. चार दिवस दे मला."

"मागताय तर असे, जसे काही माझ्या हातात आहेत." तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं, घ्या. पण इथला एक राहू द्या, उशीजवळचा. माझा रुमाल अडकवायला."

शोइची चुकला तो इथे, आणि हे त्याला पुढे कोणी सांगायची गरज पडली नाही. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, खिळे निघालेच असते. पण खरं कारण ते नव्हतं. बायको हसली होती, ते त्याला लागलं होतं. आयुष्यभर मोडून टाकायच्या पेट्या ठोकल्या, ही एक तरी अशी करीन की जन्मात हलणार नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. एरवी सौम्य असलेली माणसं एखाद्या ठिकाणी अडून बसतात, ती अशी.

त्याने एकेक खिळा उपटला, भोकात डिंक आणि काडी भरली, ती सुकू दिली, शेजारी नवं भोक पाडून स्क्रू पिळला. दोन दिवस काम झालं आणि पाऊस लागला. ताडपत्रीखाली डिंक सुकेना. सुकल्याशिवाय स्क्रू धरेना. किनुए खोलीच्या खिडकीतून त्याची पाठ बघत राही. पुन्हा ती घाई कर म्हणाली नाही, आणि याचंच त्याला नंतर जास्त वाईट वाटलं. तिने एकदा जरी ओरडून सांगितलं असतं तरी तो उठला असता.

पावसाच्या चौथ्या दिवशी तिला ताप भरला. इस्पितळात नेलं. तो सकाळी तिच्याजवळ बसे आणि दुपारी येऊन स्क्रू मारी. शेवटचा स्क्रू मारून तो तसाच, अंगावर भुसा घेऊन तिच्या खाटेशी गेला.

"झाला," तो म्हणाला.

तिला बोलायला जड जात होतं. "खिडकी?"

"उशीच्या उंचीला. मी झोपून बघितली."

तिने हात उचलला आणि खाटेशेजारच्या भिंतीवरून बोटं फिरवली. भिंत गुळगुळीत होती. "छान बसलेत," ती म्हणाली. तिला वाटलं असावं, की ती ट्रेलरमध्येच आहे. त्याने तिला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती गेली.

दहन झालं. मुलीने आणि त्याने रीतीप्रमाणे चॉपस्टिकनी अस्थी उचलून कलशात ठेवल्या, मुलगी म्हणाली की आईला सायतामाला नेते, तिथे नातवंडं आहेत, आणि शोइची नाही म्हणाला. मुलगी चिडली. या पत्र्याच्या डब्यात आईला ठेवणार का, असं तिने विचारलं. त्याने कलश मांडीवर ओढून घेतला.

वाडीत जुनी माणसं सांगत, की माणूस गेलं तरी एकोणपन्नासावा दिवस होईपर्यंत त्याचा जीव घराच्या आढ्यावर बसून असतो. घर सोडवत नाही त्याला. शोइचीची आई गेली तेव्हा किनुए रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून छपराकडे बघून दोन शब्द बोलायची, आज परसात मुळे किती आले, तुमच्या लेकाने काय गोंधळ घातला, असं काहीबाही. आता शोइची रात्री पत्र्यावर पावसाचा आवाज ऐकत पडून राही आणि त्याला एकच प्रश्न पडे. किनुए कुठल्या आढ्यावर बसली असेल? या खोलीवर तर आढंच नव्हतं. सपाट पत्रा होता आणि त्यावर खोलीचा क्रमांक रंगवलेला होता. आणि तिकडच्या घराची वाट तिला सापडली असली तरी तिथे दिवा लावायला कोणी नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आदल्या दिवशी त्याने ट्रकमागे ट्रेलर जोडला. पांढऱ्या कापडात बांधलेला कलश आतल्या फळीवर उशांच्या मध्ये ठेवला आणि गाडी इतकी हळू चालवली, की मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याला ओलांडलं. वळण आलं की रुंद घ्यायचं, खड्डा आला की जवळजवळ थांबायचं.

फाटकावर ओउची होता. पलीकडच्या गावचा, पूर्वी दुधाचा धंदा करणारा. गायी गेल्यावर त्याने ही नोकरी धरली होती. पास बघून त्याने ट्रेलरकडे मान वळवली. "हाच का तो? बोलले होते लोक." त्याने हातमोजा काढून भिंतीला हात लावला. "वहिनींचं कळलं मला." त्याने आडवा दांडा वर केला.

अंगणात गवत कमरेइतकं वाढलं होतं. शोइचीने ते कापलं, घराची दारं उघडली, वारा आत येऊ दिला. ट्रेलर मागे घेत घेत पायरीला अगदी लागून उभा केला, खिडकी घराकडे करून. चाकांना दगड लावले. मग कलश खिडकीशी सरकवला आणि खिशातून तिचा रुमाल काढला. इस्पितळाच्या पिशवीतून परत आलेला, निळ्या ठिपक्यांचा. उशीजवळचा तो एक खिळा वर राहिला होता. रुमाल त्याला अडकवला.

"आज मुळे आलेच नाहीत," तो छपराकडे बघून म्हणाला. "रानडुकरांनी उकरले सगळे." आणखी पुष्कळ बोलायचं होतं, चार दिवसांबद्दल. पण तेवढ्यात डोंगरातून भोंगा बोलू लागला.

बॅटरीचा छोटा दिवा त्याने आत लावून ठेवला. दार लावलं. प्रत्येक कोपऱ्यावर मूठ ठोकून बघितली, कुठेच काही हललं नाही. मग वाकून त्याने ट्रेलरची जोडणी सोडवली आणि ट्रक एकटाच बाहेर काढला.

फाटकावर ओउचीने त्याच्या यंत्राचा आकडा वाचला, पांढरे कपडे काढून पिशवीत टाकायला सांगितले. मग ट्रकच्या मागे गेला आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिला.

"मागची गाडी?" त्याने खिडकीशी येऊन विचारलं.

"आत आहे."

"निहेई-सान, रात्री आत कोणाला राहता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"कोणी आहे का तिच्यात?"

शोइचीला खोटं बोलता आलं असतं. गाडी बिघडली म्हणायचं आणि सुटायचं. "किनुए आहे," तो म्हणाला.

ओउचीने पुलाच्या पलीकडे बघितलं. भातखाचरांवर सावली उतरत होती आणि वरच्या अंगणात ट्रेलरच्या खिडकीतून घराच्या भिंतीवर पडलेला बारीकसा उजेड दिसत होता.

"रानडुकरं असतात रात्री," तो म्हणाला.

"स्क्रू मारलेत. सगळीकडे."

"मग बरं." ओउचीने टोपी नीट केली. "सकाळी फाटक उघडलं की या. बदलीवाला यायच्या आत."

शोइचीने मान लववली आणि गाडी सुरू केली. ट्रकच्या मागची रिकामी कडी खडखडत होती. पूल गेला, उतार लागला, पहिलं वळण आलं. त्याने ते रुंद घेतलं. पुढे खड्डा होता, तिथे त्याने गाडी जवळजवळ थांबवली, आधी पुढची चाकं हळूच उतरवली, मग मागची. आणि ट्रेलर खड्ड्यातून वर यायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ आरशात बघत थांबून मग तो पुढे निघाला.