घासायचं नाही, टिपायचं

मी हॉलमधला गालिचा बोलतोय. आधी चपला दाराबाहेर काढा, पाय पायपुसण्यावर पुसा आणि मग खुशाल या, माझ्यावरच मांडी घालून बसा. हातात कप असेल तर तेवढा टेबलावर ठेवा. राग मानू नका, या घरची शिस्तच तशी आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये मागावर झाला. दोन जावा शेजारी शेजारी बसून मला विणत होत्या. थोरली अबोल. धाकटीच्या तोंडाचा पट्टा मात्र एकदा सुरू झाला की थांबत नसे, आणि त्या नादात माझ्या एका फुलाला एक पाकळी जास्त आली. थोरलीनं ती पाहिली, हसली आणि म्हणाली, "राहू दे. कोण मोजत बसणार आहे?"

विणून झाल्यावर मला बादल्याच्या बादल्या पाण्यानं धुतलं आणि उन्हात वाळवलं. त्यामुळे पाण्याला मी कधी घाबरलो नाही. पाणी आत मुरून राहिलं तरच माझं कठीण असतं.

दुकानात मी गुंडाळी होऊन कोपऱ्यात उभा असायचो. कडेनं गडद लाल वेल आणि मधोमध सायीचा रंग, असं माझं रूप. गिऱ्हाइकं हात फिरवायची आणि "छान आहे हो, पण मळेल," म्हणून पुढे सरकायची. मग एक दिवस एक बाई आली. नवरा तिला तेच म्हणाला, "मळेल गं." तशी ती म्हणाली, "मळेल कसा? मी आहे ना!"

तीच आमची सूनबाई. औषधांच्या दुकानात काउंटरवर बसते. नवरा फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे घरात बहुतेक ती आणि सासरेबुवा, दोघंच.

तिनं माझी जी बडदास्त ठेवली, ती जावयाचीही कुणी ठेवत नसेल. दाराबाहेर एक पायपुसणं, दाराआत दुसरं. धूळ बसायच्या आत व्हॅक्यूम. उन्हानं एकाच बाजूचा रंग उडू नये म्हणून अधूनमधून मला फिरवून घालायची. आणि चहाचा कप माझी लाल वेल ओलांडून आत आला, की तिची भुवई वर! पाहुणे बिचारे कडेकडेनं बसायचे. मी स्वच्छ होतो, पण खरं सांगू? फार एकटा होतो.

सासरेबुवा म्हणजे आमचे आजोबा. उभा जन्म बस चालवण्यात गेला. हात दणकट, आवाज त्याहून दणकट. एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. अर्धांगाचा झटका. इस्पितळातून परत आले ते काठी टेकत, आणि उजवा हात नुसता लोंबत.

व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या. त्यांनी रबरी चेंडू दिला. "आजोबा, हा दाबायचा आणि सोडायचा. दिवसभर."

"मी काय पाळण्यातलं बाळ आहे?" आजोबा म्हणाले, आणि ताईंची पाठ वळताच चेंडू सोफ्याखाली गेला.

पण जिद्द होती. बोटांत जरासा जीव आला, तशी एका दुपारी त्यांनी चहाचा कप मुद्दाम उजव्या हातात घेतला. कप उचलला, थरथरला आणि कलंडला. सगळा चहा त्यांच्या मनगटावरून थेट माझ्या सायीच्या अंगावर!

सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. "अगं बाई!" तिची नजर आधी माझ्यावर पडली. मग आजोबांवर. मधला क्षण एवढासाच होता, पण आजोबांनी तो पाहिला.

तिनं त्यांच्या मनगटावर गार पाणी धरलं, मलम लावलं. मग फडकं घेऊन मला खसाखसा घासायला लागली. तिला वाटलं डाग निघतोय. कसला निघतोय! मूठभर होता तो ताटाएवढा झाला आणि माझ्या लोकरीच्या पोटात शिरला.

आजोबा काठी टेकत आपल्या खोलीकडे निघाले. दारातून म्हणाले, "माझा चहा यापुढे आतच देत जा, सूनबाई."

त्या दिवसापासून ते बाहेर येईनात. चालणं बंद, गप्पा बंद. ताई काळजीनं म्हणाल्या, "असेच पलंगावर बसून राहिले, तर हात कायमचा जाईल हो." सूनबाई माझ्यावरच्या डागाकडे बघत नुसती उभी राहिली. तो आता तिला चहाचा दिसत नसावा.

शेजारच्या काकूंना वास लागला नाही असं घरात काही घडत नाही. त्या ब्लीचची बाटली नाचवत आल्या. "ओत ही! डागाचा बापही राहणार नाही."

माझी पाचावर धारण बसली. नशीब, सूनबाई हुशार. "आधी सोफ्याखालच्या कोपऱ्यावर थेंबभर टाकून बघू." टाकला. बघता बघता माझी लाल वेल तिथं पांढरीफटक पडली.

"अहो काकू, यानं रंगच खाल्ला की!"

"मग? डाग तरी दिसतोय का तिथं?" काकू ठणकावून म्हणाल्या.

आतल्या खोलीतून एकदम हसण्याचा गडगडाट झाला. किती दिवसांनी! सूनबाईनं चमकून खोलीकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागलं.

तिनं मला विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला आणि नीट विचारून घेतलं. मग वाटीत पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे थेंब, चमचाभर व्हिनेगर आणि एक पांढरं सुती फडकं घेऊन ती आजोबांच्या दारात उभी राहिली. पुन्हा कोपऱ्यात थेंबभर लावून पाहायला ती विसरली नव्हती.

"बाबा, डाग तुमचा. तुम्हीच काढायचा."

"काय म्हणालीस?"

"मला कामावर जायचंय. आणि हे काम घाईचं नाही. घासायचं नाही, टिपायचं. कडेकडून आत. दाबायचं, सोडायचं. उजव्या हातानं."

आजोबांचा चेहरा लाल झाला. पण ड्रायव्हर माणूस, कुणी हॉर्न वाजवला की गप्प बसवत नाही. आले. तिनं त्यांना बुटक्या स्टुलावर बसवलं, उजवा हात फडक्यावर ठेवला आणि त्यावर डावा.

पहिल्यांदा तो हात माझ्यावर नुसता पडला, ओल्या पानासारखा. जोर नाहीच.

"अशी का गाडी चालते?" सूनबाई म्हणाली आणि तोंडानंच कंडक्टरची घंटी वाजवली, "टिंग टिंग!"

आजोबांना हसू आलं. हाताखाली मला किंचित दाब जाणवला. फडक्यावर फिकट तपकिरी ठसा उमटला. दोघांनी तो असा पाहिला, जणू सोनंच सापडलं.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "बाबा, त्या दिवशी मी आधी गालिच्याकडे पाहिलं. चुकलंच माझं."

आजोबा टिपता टिपता म्हणाले, "अगं, मीही आधी गालिच्याकडेच पाहिलं! हात भाजलाय हे मागून कळलं."

मग दोघं इतकी हसली की वाटी कलंडता कलंडता राहिली.

रोज तोच कार्यक्रम. आधी लिक्विडचं पाणी, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं आणि वर पंखा, म्हणजे ओल मुरायला नको. डाग कडेनं आक्रसत गेला आणि हाताचा दाब वाढत गेला. हे दुसरं फक्त मलाच आधी कळलं होतं. शेवटी डागाची नुसती आठवणीएवढी सावली उरली.

ताई आल्या. "आजोबा, माझी बोटं धरा बघू." आजोबांनी धरली.

"आई गं! सोडा, सोडा!" ताई किंचाळल्या. "म्हणजे चेंडू दाबलात तर!"

"चेंडू कुठाय कुणास ठाऊक. मी गालिचा दाबला."

डाग गेल्यावर आजोबांना करमेना. "सूनबाई, अजून कुठे डाग आहे का गं?" मग काकूंनी शाई सांडलेली सतरंजी आणली, वरच्या मजल्यावरून कुणी तेलकट उशी आणली. आता इमारतीत त्यांना डागांचे डॉक्टर म्हणतात. प्रत्येकाला एकच सुनावतात, "सांडल्यावर लगेच यायचं. आणि येताना घासून आणायचं नाही!"

माझंही दैव पालटलं. हल्ली माणसं माझ्या मधोमध बसतात, लोळतात, पत्ते खेळतात. एकटेपणा गेला. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्यालाही जरा माणसांत येऊ द्या, एवढंच मागणं.

आज मला गच्चीच्या कठड्यावर टाकलंय. ऊन छान आहे. सूनबाई खुर्चीत चहा घेतेय, आणि आजोबा शीळ घालत मला काठीनं झोडपतायत. धूळ उडतेय, खालून काकू ओरडतायत, "अहो, माझे कपडे वाळतायत!"

बरगड्या दुखतायत माझ्या. पण काठी उजव्या हातात आहे हो. हाणा आजोबा, अजून एक हाणा!