दुसऱ्या वाटेचं हसू

गुणवंतराव पाचखेडे हसरे म्हणून जबलपुरातल्या सगळ्या मराठी घरांत प्रसिद्ध होते. कारखान्याच्या तपासणी विभागात चौतीस वर्षं काढली. माल पास केला तरी तेच हसू, नापास केला तरी तेच. घरी भाजी खारट झाली, हसले. सासरे वारले तेव्हा भेटायला येणाऱ्यांनाही दारात हसूनच ‘आइए, आइए’ केलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात यातलं नेमकं आपल्या वाट्याचं हसू कोणतं, हे सरोजिनीबाईंना काही उमगलं नव्हतं. नवऱ्याला असं विचारणार तरी कसं?

फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली, तोंडाची उजवी बाजू ओघळली. कळत मात्र सगळं होतं. दवाखान्यात क्षमा नावाच्या डॉक्टर म्हणाल्या, “काका, हसून दाखवा.” डावा कोपरा तेवढा वर गेला. तेवढ्यात डॉक्टरांच्या हातातली फाइल सटकली, कागद खोलीभर झाले, आणि गुणवंतराव दोन्ही बाजूंनी हसले. पुरं हसू.

बाई दचकल्याच.

“मावशी, मेंदूत हसायच्या दोन वाटा असतात,” डॉक्टर कागद गोळा करत म्हणाल्या. “एक हुकुमाची, ठरवून हसायची. ती यांची तुटली. दुसरी भावनेची. राग, भीती, आनंद आत जिथे उपजतात, तिथून ती परस्पर मेंदूच्या देठाशी उतरते. ती शाबूत आहे.”

“म्हणजे पुरं हसू खोटं नसतं?”

“ठरवून आणता येत नाही. पण म्हणून तो आनंदच, असं धरू नका हं. घाबरलेला माणूसही हसतो कधी कधी.”

पहिलं वाक्य बाईंनी घरी नेलं. बाकीची दवाखान्यातच राहिली.

आजाऱ्यापुढे वाईट बोलायचं नाही, ही आपल्या लोकांची रीत. रोज दुपारी चहाबरोबर बाई एकेक गोड बातमी द्यायच्या. नात वर्गात पहिली आली. अर्धं हसू. मुलाला, तनयला, बढती मिळाली. अर्धं. “आज मी बरी दिसते का हो?” तेही अर्धंच. पंधरा दिवसांत एकही पुरं नाही. बेचाळीस वर्षं आपल्याला हुकुमाचाच माल मिळाला की काय, अशी शंका बाईंना पोखरू लागली.

मग शेजारची पुष्पा आली. “वहिनी, काहून इतक्या सुकून राहिल्या? काल ग्वारीघाटावर, स्मशानात, दिसल्या नाही तुम्ही. रामरावांना पोचवायला केवढे लोक...” आणि तिनं जीभ चावली. रामराव म्हणजे गुणवंतरावांचे तीस वर्षांचे पत्त्यांचे जोडीदार.

गुणवंतरावांचा उजवा कोपरा थरथरला, वर चढला. दोन्ही डोळे बारीक झाले. चेहरा पुरा हसला.

“अच्छा, चलो वहिनी, मी कुकर लावून आली,” म्हणत पुष्पा पळाली. कुकर बहुधा लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चहा दिला, समोर बसल्या, पदर सारखा केला. मन दगड करून म्हणाल्या, “अहो, माझ्या पोटात गाठ निघाली.”

आधी काहीच नाही. मग उजवा गाल हलला. ते हसू असं काही उमललं, की वीस वर्षांनी धाकटे दिसायला लागले गुणवंतराव. बाईंना राग यायला हवा होता. रडू यायला हवं होतं. पण त्या लाजल्या. एवढं टक लावून, एवढं पुरं, त्यांच्याकडे पाहून कोणी कधी हसलंच नव्हतं.

परवा गाठ पसरली. तेरवा डॉक्टरांनी मान हलवली. सोमवारी कुंडमच्या वैद्यानंही पुडी परत घेतली. बाई रोज थोडं थोडं मरत होत्या, आणि रोज पुरं हसू मिळत होतं. नातीचं, तनयचं नावही आता निघत नसे. दुपारी तीनला बाई केस विंचरून, बरं पातळ नेसून बसायच्या.

“वहिनी, तुम्ही तर खुलून राहिल्या,” पुष्पा एकदा दारातूनच म्हणाली. “पण भाऊजींचं काय हो? जेवत नाहीत का? हाडं दिसून राहिली.”

“ते मजेत आहेत,” बाई म्हणाल्या. “बघ की, कसे हसतात.”

पुष्पानं पाहिलं. ती आत आली नाही.

त्या दुपारी सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. बाईंचा शेवटचा श्वासही कालच सांगून झाला होता. गुणवंतरावांनी डाव्या हातानं बाईंचं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट, की बांगडी कातडीत रुतली. डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं आणि गाल वर, वर चढत होते. घशातून कसलासा आवाज निघत होता. बाईंना तो ‘पुढे?’ असा वाटला.

“सांगते हो, सांगते,” बाई प्रेमानं म्हणाल्या. “घाई कशाला?” आणि आपल्या तेरवीला पंगत कुठे बसेल, कोण वाढेल, तनय कसा रडेल, ते निवांत सांगू लागल्या.