आतलं झालं, बाहेरचं राहिलं

ही गोष्ट १९८९ सालची. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागे आणि यंत्राला माणसांपेक्षा जास्त गारवा मिळे. त्या गारव्याची आठवण आली की अजून बरं वाटतं. तिथे बसणाऱ्या माझ्या दिराची आली की नाही.

कंपनी त्यांची. डेटाबेसचं इंजिन, म्हणजे माहिती डिस्कवर नीट ठेवणारा आणि मागितली की काढून देणारा भाग, माझा. भाऊजींना त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण टाय झकास बांधता येई.

आमचं पहिलं गिऱ्हाईक एक हॉस्पिटल. तिथली माहिती एकाच्या पोटात एक: पेशंटमध्ये ऑपरेशन, ऑपरेशनमध्ये राखून ठेवलेल्या रक्ताच्या बाटल्या. इंजिनचा नियम सरळ होता. आत काहीही लिहा, ते कच्चं. सगळ्यात बाहेरचा पेशंट पुरा झाला की एकच पक्की खूण. मधेच यंत्र बंद पडलं, तर खूण नसलेलं सगळं टाकून द्यायचं. अर्धवट नोंदीपेक्षा नसलेली नोंद बरी. निदान ती कोणाला फसवत नाही.

पण तोवर स्क्रीन गप्प बसायचा, आणि भाऊजींना गप्प बसणारं काहीच आवडत नसे.

"वहिनी, आतलं एकेक संपलं की स्क्रीनवर ‘झालं’ येऊ द्या. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

"भाऊजी, शर्टाची बटणं लावली म्हणजे तुम्ही ऑफिसात पोहोचलात का?"

"तुम्ही फार खोलात जाता बुवा."

मी नकार दिला. त्यांनी एका नवख्या मुलीला बसवून ते ‘झालं’ घालून घेतलं आणि त्याला वेग म्हणून खपवलं.

पुढच्याच महिन्यात सासूबाई जिन्यावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांना आमच्या गिऱ्हाइकाच्याच हॉस्पिटलात नेलं. रक्तगट दुर्मिळ, आणि रक्त हाताशी असल्याशिवाय सर्जन चाकू लावायला तयार नव्हते. त्या गटाच्या दोनच बाटल्या मिळाल्या. नोंद करायला भाऊजी स्वतः बसले, कारण सर्जन बघत होते. त्यांनी बाटल्या लिहिल्या. स्क्रीन म्हणाला, ‘झालं’. खाली सर्जनचं नाव विचारणारी ओळ लुकलुकत होती, पण आपल्याच कंपनीचं ‘झालं’ बघून भाऊजी इतके खूश, की त्यांनी थेट बटण दाबून यंत्र बंद केलं. सर्जनशी हस्तांदोलन केलं ते वेगळंच.

सकाळी यंत्र सुरू झालं. खूण नसलेला पेशंट इंजिनने टाकून दिला, आणि त्याच्या पोटातल्या बाटल्याही. नियमाप्रमाणेच. रक्तपेढीतल्या बाईंना स्क्रीनवर दोन्ही बाटल्या कोणासाठीच राखून न ठेवलेल्या दिसल्या. त्यांनी त्या अपघातातल्या एका माणसाला दिल्या.

सासूबाई उपाशीपोटी, हिरवा गाऊन घालून ऑपरेशनच्या दाराशी पडून होत्या.

"काय रे, काय म्हणतात?" त्यांनी लेकाला विचारलं.

"झालं, आई, झालंच."

"काय झालं? मी तर अजून दाराबाहेरच आहे."

तेवढ्यात रक्तपेढीतल्या बाई धावत आल्या आणि बाटल्या गेल्याचं सांगितलं. भाऊजी क्षणभरही अडखळले नाहीत. "वहिनींच्या इंजिनने डेटा खाल्ला," ते सर्जनना म्हणाले. इतक्या सराईतपणे, की मला त्यांचं थोडं कौतुकच वाटलं.

"इंजिनने खाल्ला नाही, भाऊजी. पुरा न वाढलेला घास त्याने थुंकला."

"आत्ता ही वेळ आहे का, वहिनी?"

वेळ नव्हतीच. रक्त दुसऱ्या गावाहून यायला बरेच दिवस गेले. तोवर हाड जागेवरून सरकलं, आणि ऑपरेशन झालं ते उरलंसुरलं सावरण्यापुरतं.

रक्तपेढीतल्या बाईंना लेखी ताकीद मिळाली; त्यांनी ती टेबलावरच ठेवली आणि नोकरी सोडली. मी ते ‘झालं’ काढून टाकलं, मग कंपनीही सोडली, आणि निवृत्तीपर्यंत एका बँकेत काम केलं. इंजिन त्या हॉस्पिटलात पुष्कळ वर्षं बिनबोभाट चाललं. भाऊजींनी कंपनी विकली आणि माहितीच्या विश्वासार्हतेवर भाषणं द्यायला लागले. अजूनही देतात. टाय अजून छान बसतो.

सासूबाई शेवटपर्यंत वॉकर घेऊन चालल्या. पाय कशाने गेला असं कोणी विचारलं, की म्हणत, "कॉम्प्युटरने." यंत्र तुमच्या लेकानेच अर्ध्यावर बंद केलं, असं मी दोनदा समजावून सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "असेल गं. पण तो हुशार आहे."