चाळीस शाफ्ट

साहेबराव साळव्यांचा उपास आकुर्डीच्या ख्रिस्ती मंडळीत प्रसिद्ध होता. गुड फ्रायडेच्या आधीचा आठवडा ते सूर्य मावळेपर्यंत नुसत्या पाण्यावर काढत, आणि कोणी विचारलं की, "जमतंय प्रभूच्या कृपेनं," असं जरा मोठ्यानंच सांगत.

चौऱ्याहत्तर साली त्या आठवड्यातल्या बुधवारी रजा घेऊन ते घरी प्रार्थना करत होते. बायको शालनबाई गहू निवडत होत्या.

"आज चारला मालोजीची चौकशी आहे म्हणे," त्या म्हणाल्या.

साहेबराव अडखळले. मालोजी त्यांच्याच हाताखालचा लेथवाला. चुकीच्या मापानं कातलेले चाळीस शाफ्ट बाद झाले म्हणून कंपनीनं त्याला महिन्यापूर्वी सस्पेंड केलं होतं. ते माप मात्र सुपरवायझर म्हणून साहेबरावांनीच दिलं होतं, आणि ते गप्प राहिले होते. शालनबाईंना हे ठाऊक होतं.

"देवाला तुमचं रिकामं पोट घेऊन काय करायचंय? तिकडं त्या पोराच्या घरात चूल पेटत नाही."

साहेबरावांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार! उठले, सायकल काढली आणि निघाले ते थेट कंपनीच्या दिशेनं. उन्हानं डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण पाय थांबेनात. फाटकावरचा वॉचमन "ओ साळवे!" म्हणून ओरडतोय तोवर ते ऑफिसात घुसलेही.

"थांबा साहेब! माप मी दिलं होतं. मालोजीची काही चूक नाही."

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. "साळवे, हे तुमच्यावर शेकेल."

"शेकू द्या!"

साहेबरावांना हसू आवरत नव्हतं. सुपरवायझरकी तिथंच गेली. सोमवारपासून पुन्हा मशीनवर. मालोजीला मात्र कामावर घेतलं.

बाहेर आल्यावर मालोजी कडाडला, "म्हैनाभर का न्हाई बोललात?"

"भ्यालो रे."

मालोजीनं त्यांची सायकल हातात घेतली. "बसा मागं. पाय लटपटत्यात तुमचं."

थेरगावात मालोजीची आई गिरजाबाई सगळं ऐकून आधी रडली, मग शेजारणीकडून पीठ आणून भाकऱ्या थापायला बसली. ऊन अजून अंगणात होतं. साहेबरावांनी डोळे मिटून देवाचे आभार मानले आणि गरम भाकरी मोडली.

"आई, ठेचा वाढा की अजून," ते म्हणाले.