सुळेसाहेबांची चौथी कवळी

दातकाकांचं डोकं फिरवणाऱ्या गोष्टी दोनच. एक, कवळी पाण्यात न ठेवता रुमालात गुंडाळून ठेवणारी माणसं. आणि दुसरी, सुळेसाहेबांचा नवा सिनेमा.

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे काकांची खोली होती. तिथे प्लास्टरचे साचे, कानशी आणि गुलाबी हिरड्यांच्या गराड्यात बसून ते कवळ्या करत. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी एका भयपटासाठी दोन लांब सुळे असलेली कवळी केली होती. मेल्यावरही उठून लोकांना शिक्षा सुनावत फिरणारे एक न्यायाधीश, सुळेसाहेब, अशी गोष्ट होती. सुळेसाहेबांनी पडद्यावर तोंड उघडलं की भल्याभल्यांची दातखीळ बसायची. सिनेमा इतका चालला की पुढे तो आणखी दोनदा नव्याने काढला गेला. दोन्ही वेळा दात दुसरीकडून झाले. दोन्ही वेळा काका पहिल्याच दिवशी तिकीट काढून गेले आणि घरी येऊन आठवडाभर धुसफुसले. मेलेल्या माणसाला किती वेळा उठवायचं, असं त्यांचं म्हणणं. काकू म्हणायच्या, त्याला उठवतात म्हणून नव्हे, तुम्हाला बोलावत नाहीत म्हणून तुम्ही चिडता. यावर काकांना नेमकं ऐकू कमी यायचं.

मग एका सकाळी चौथ्या सिनेमाची दिग्दर्शिका स्वतःच त्यांच्या खोलीत येऊन उभी राहिली. काकांनी तिला वर्षानुवर्षं तयार ठेवलेलं भाषण ऐकवलं. झालं ते छान झालं, आता जुन्यांना पडून राहू द्या, नवी भुतं शोधा वगैरे. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दात तुम्हीच करायचे, असं सांगून टाकलं. तिला मुख्य हवा होता तो फुसकारा. सुळेसाहेब बोलताना ‘स’ आला की दातांतून जो हवेचा आवाज सुटायचा, त्यावर तिने कॉलेजात चाळीस पानी प्रबंध लिहिला होता. तो फुसकारा म्हणजे गुदमरलेल्या न्यायाचा श्वास आहे, असं तिने त्यात सिद्ध केलं होतं. नंतरच्या दोन्ही सुळेसाहेबांनीही तो मन लावून घोटला होता.

काकांचा चेहरा उतरला. विचार करून उद्या सांगतो, म्हणाले.

कारण खरी गोष्ट फक्त त्यांना आणि काकूंना ठाऊक होती. ती कवळी सैल झाली होती. दोन दिवसांत मागितलेली, प्लास्टर धड सुकलं नव्हतं, माप चुकलं. नटाच्या तोंडून हवा निसटायला लागली आणि तेव्हाच्या दिग्दर्शकाला ती आवडली. पुढे लोक विचारायचे, हे तुम्हाला सुचलं कसं? काका नुसतं हसून ‘अनुभव’ म्हणायचे.

घरी काकू भाजी निवडत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “सिनेमा परत काढतात याचा तुम्हाला त्रास नाहीच. स्वतःची चूक परत परत ऐकावी लागते, त्याचा आहे.”

“बरं, मग काय करू?”

“मग ही कवळी करा. आणि नीट बसवा.”

दुसऱ्या दिवशी नवे सुळेसाहेब माप द्यायला आले. दारात वाकून शिरावं लागेल एवढा धिप्पाड नट, पण लगद्याने भरलेला ट्रे पाहताच त्याने काकांचं मनगट घट्ट धरलं. दोनदा ओकारी आली. शेवटी काकांनी त्याला नाकाने श्वास घ्यायला आणि मनात भावंडांची नावं म्हणायला सांगितलं. नशिबाने भावंडं सात होती. तेवढ्यात माप झालं.

आठवड्याने कवळी चढवून पाहायचा दिवस आला. काकूही काकांचा विसरलेला डबा घेऊन आल्या होत्या. सुळे अगदी उगवल्यासारखे बसले. दिग्दर्शिकेने नटाला वाक्य म्हणायला लावलं. “शिक्षा सुनावली आहे. सावध बसा.” प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू आलं.

“काका, फुसकारा कुठे गेला?” तिने विचारलं.

काकांनी कानस खाली ठेवली. “तो कधी नव्हताच, मुली. ती कवळी सैल होती. माझ्या हातून चुकलं होतं.”

दिग्दर्शिका स्टुलावर बसली. चाळीस पानं तिच्या डोळ्यांसमोरून सरकत असावीत. नट मुळात सभ्य माणूस, त्याला ते बघवेना. सुळ्यांसकट तो उठला, तिला पाण्याचा ग्लास दिला आणि वाकून हळू आवाजात म्हणाला, “सावकाश घ्या. आपल्याला काही घाई नाही.”

काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि साच्यांच्या फळीवर आदळल्या. तीन सिनेमे त्यांनी जांभया देत पाहिले होते. दिग्दर्शिकेने त्यांच्याकडे पाहिलं, मग नटाकडे पाहिलं.

“परत म्हणा,” ती म्हणाली. “अगदी असंच.”

सिनेमा आला तेव्हा अर्ध्या वर्तमानपत्रांनी तो डोक्यावर घेतला, अर्ध्यांनी सुळेसाहेबांचा सत्यानाश झाला म्हणून लिहिलं. काका-काकू दुपारच्या खेळाला गेले. मागच्या रांगेतले एक गृहस्थ कुरकुरत होते की जुना तो जुना, हा तर शिष्टाचार शिकवायला आल्यासारखा बोलतो. काकांना मागे वळून त्यांना चार गोष्टी सुनावायच्या होत्या, पण काकूंनी त्यांची बाही दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या की आत थंडी फार होती.

काकांनी ते मान्य केलं. मग म्हणाले, पाचव्यांदा काढायचा असेल तर काढू देत, आपली काही हरकत नाही, फक्त माप घेणारा माणूस धड पाहावा. काकूंनी विचारलं, असा माणूस कोण? तीन वाजता एका आजीबाईंना खालची कवळी द्यायची होती, म्हणून काका झपाझप पुढे निघाले.