हिलालची वेस

पोळ्याच्या सकाळी हिलाल बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत होता. त्याच्या बायकोचं, भिकुबाईचं लक्ष चुलीवरच्या पुरणात नव्हतं.

"वेशीमाईन जोडी लई जासू म्हणस. आन् गाववाला मारतीन तं?"

"कायदा शे."

"कायदा धुळ्याले शे. आपन आठे गावमा शेतस."

गावाची वेस दगडी. पोळ्याला तिच्यावर तोरण चढायचं. खालून पहिली जोडी तोताराम आबा पाटलांची, मग मानापानानं इतरांची. महारवाड्याची जोडी असलीच तर नाल्यातून, वळसा घालून. गावात बैल मेला की मात्र हिलालचा बाप तो याच वेशीतून ओढून न्यायचा. मेलेल्या बैलाला विटाळ होत नाही, असं शास्त्र असावं.

वतनाची जमीन नावावर झाल्यावर हिलालनं मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि जिवंत जोडी घेतली. वेशीतून जोडी नेऊ द्यावी म्हणून धुळ्याला अर्ज केला. अर्ज बरेच दिवस झोपला, पण पोळ्याच्या तोंडावर जागा झाला आणि फौजदार आला.

वेशीत आबा उभे होते. "हिलाल, तुना बापनी कधी अशी हौस करी नही."

"मना बापकडे बईल नव्हतात, आबा. तुमनाच व्हतात, मेल्यावर."

फौजदार म्हणाला, "पाटील, वाट द्या."

"देतो ना साहेब. कायद्यापुढं आम्ही कोण?"

वाजंत्री थांबली. हिलालची जोडी तोरणाखालून गेली. मग आबांनी आपली जोडी वळवली, मागोमाग सगळं गाव वळलं आणि नाल्यातून, चिखल तुडवत, घरी गेलं. फौजदार आबांकडे पुरणपोळी जेवून धुळ्याला गेला.

दिवाळीपर्यंत मारुतीजवळ गावकुसाची भिंत फोडून गावानं नवी वेस बांधली. जुन्या वेशीत गवत माजलं. हिलालच्या कपाशीत निंदायला कोणी येईना.

"वेस तं भेटनी ना?" हिलाल म्हणायचा.

"भेटनी," भिकुबाई म्हणायची. "गाव दुसरा दारखाल निंघी गये."

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी आबांचा मानाचा बैल साप चावून मेला. आबा स्वतः महारवाड्याच्या कडेपर्यंत आले.

"हिलाल, ढोर पडेल शे. ओढी टाक."

"मी ते काम सोडी दिन्हं, आबा."

"नवी वेसमाईन मढं नेता येत नही, देव शे तठे. जुनी तं तुनीच शे. तुना हक्क."

हिलाल गेला नाही. तेव्हा गावानंच नाक दाबून बैल ओढला, जुन्या वेशीपर्यंत. कमानीखाली दोर सोडला. पुढं हिलालची हद्द, असं म्हणून सगळे आंघोळीला गेले.

पोळ्याच्या दिवशी हिलाल सजवलेली जोडी घेऊन आला, तर वेशीत तो फुगलेला बैल आडवा. पलीकडे मारुतीजवळ वाजंत्री लागली होती.

भिकुबाई घरी जाऊन दोर घेऊन आली.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. हिलालनं दोर आपल्याच खांद्यावर घेतला, बापासारखा. महारवाड्यातले आणखी चौघं आले. पण बैल त्यांनी बाहेर ओढला नाही. आत ओढला, गल्लीतून, पार नव्या तोरणाखाली. वाजंत्री पुन्हा थांबली.

दोर सोडून हिलालनं घाम पुसला.

"आबा, हाऊ तुमना मानना बईल. तोरणखाल पहिला हाऊच जास ना?"

फौजदार त्याच दिवशी आला. या वेळी अर्ज लागला नाही.